मुलुंड ते बोरिवली, ईराच्या सीटसकट

मुलुंडहून सकाळी दहाला निघालो, तेव्हा गाडीत मी आणि मागे लहान मुलांची एक कार सीट. सीट चेंबूरच्या ओळखीच्या घरून मागून आणलेली. दुपारी अंधेरीच्या विमानतळावर माझी मुलगी केतकी जर्मनीहून उतरणार होती, सोबत तीन वर्षांची ईरा. मुक्काम बोरिवलीला, केतकीच्या सासरी. माझ्या वाट्याला आज विमानतळ ते बोरिवली एवढीच नात, आणि तीसुद्धा एका अटीवर.

"बाबा, सीट असेल तरच ईरा तुझ्या गाडीत बसेल. नाहीतर मी टॅक्सी बोलावते."

माझं डोकंच फिरलं होतं. हिला स्कूटरवर पुढे उभी करून मी अख्खं मुलुंड फिरवलंय! पण बायको गेल्यापासून घर खायला उठतं. म्हटलं, आणतो बाई सीट.

घाटकोपरला सिग्नलवर ब्रेक मारला आणि सीट धाडकन आडवी झाली. पट्ट्याचं बक्कल काही केल्या सापडलं नव्हतं, म्हणून मी ती सुतळीनं बांधली होती. रस्त्याकडेला एक सीटकव्हरवाला दिसला, तिथेच गाडी लावली. त्यानं हातानं चाचपलं आणि हसला.

"काका, बक्कल आहे ना! कव्हरखाली दाबलंय. सगळ्यांचं तसंच असतं. मागं पट्टा लावतो कोण?"

"अरे, गाडी घेऊन नऊ वर्षं झाली!"

"मग कापू?"

कव्हर बायकोनं पसंत केलेलं, मरून रंगाचं. मी दुसरीकडे बघत म्हटलं, "काप."

त्यानं गुडघा रेटून पट्टा आवळला, सीट कशी बसवायची ते दोनदा दाखवलं. तोवर समोरच्या हातगाडीवर खिचू (तांदळाच्या पिठाची गुजराती उकड) खाल्लं. वरून तेल, तिखट मसाला. छान होतं, पण एकट्यानं किती खाणार? अर्धं टाकलं.

विमानतळावर केतकीनं मला मिठी मारायच्या आधी सीट हलवून पाहिली. "वा बाबा, झकास बसवलीस!" मला उगाच दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. ईरानं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं, थोडी रडली आणि जोगेश्वरी यायच्या आत झोपली. केतकी मागे तिच्याजवळ बसली होती. मी पुढे एकटा, भाड्याच्या ड्रायव्हरसारखा. आरशात ईराचा एक पिवळा मोजा तेवढा दिसायचा. मालाडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिक बरा वाटला.

बोरिवलीला डावीकडे इमारती, उजवीकडे नॅशनल पार्कचे हिरवे डोंगर. व्याही खाली गाडी सुरू करून उभेच होते. आधी देवदर्शन, मग घर.

"ये गं ईरा, आजोबांच्या मांडीवर. पुढे बसू या!"

मी केतकीकडे बघितलं. तिनं नजर चुकवली. "देऊळ दोन मिनिटांवर आहे रे बाबा. इथे कुठे वाद घालू?"

म्हणजे अट फक्त मला! माझ्या गाडीतली सीट सोडवली आणि व्याह्यांच्या गाडीत गुडघा रेटून बसवली.

"अहो, कशाला एवढं?" व्याही म्हणाले.

"राहू द्या. महिनाभर तुमच्याकडेच लागेल."

केतकी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मग रविवारी तू ईराला मुलुंडला कसा नेणार?"

"तूच आण गं, ह्यांच्या गाडीतून, जमेल तशी."

ईराला मीच सीटमध्ये बसवलं, पट्टा लावला. तिनं माझं बोट धरलं, मग सोडलं. गाडी गेली.

घोडबंदरमार्गे परतलो. एकीकडे खाडी, एकीकडे डोंगर. दाखवायला कोणी नाही. घरी पोचलो तेव्हा केतकीचा मेसेज आला होता, "रविवारी सासऱ्यांना गाडी लागणार आहे. आमचं येणं कठीण दिसतंय."

मला रडू आलं, लपवत नाही. डोळे पुसून लिहिलं, "हरकत नाही. देवळातून येताना ईराला सीटमध्ये बसवलं होतंस ना?"

"हो बाबा."

एवढ्यासाठीच तर गेलो होतो, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.