सोमवारची मीटिंग कोण घेणार?

कांबळे साहेब गेल्याचा फोन रविवारी दुपारी आला. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी डोक्यात आलं ते एवढंच... आता सोमवारची मीटिंग कोण घेणार?

मलकापूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांसाठी ऊस वाहून नेणारी यंत्रं बनतात. गळीत हंगाम कुणासाठी थांबत नाही. म्हणून सोमवारी सकाळी सगळ्यांनी शेडमध्ये जमून आठवड्याचं काम ठरवायचं, ही पद्धत साहेबांनी मॅनेजर म्हणून आल्याआल्या घातली. मी तेव्हा डिझाइनला नुकतीच लागले होते. माणूस लष्करातून निवृत्त झालेला. म्हटलं, झालं, आता परेड! पण पहिल्याच सोमवारी त्यांनी विचारलं, "कुणाचं काय अडलंय?"

"सगळं ओके हाय, साहेब," फिटर तानाजीअण्णा म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अडलंय म्हणणं म्हणजे आमच्याकडं कमीपणा.

"मग माझं सांगतो. कारखान्याला मी कबूल केलेली तारीख हुकणार असं दिसतंय. त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा."

साहेबानं असं चारचौघांत बोलायचं? मलाच कसंतरी झालं. पण तानाजीअण्णा पुढं सरकले. "आवं, गिअरबॉक्सच आला न्हाई अजून, ते सांगा की!" हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी खरेदीवाल्यानं तिथूनच फोन लावला.

पुढं सवय लागली. प्रत्येकानं आपलं काम आपल्या तोंडानं सांगायचं, चहा गार व्हायच्या आत आटपायचं. तानाजीअण्णा माझीही खेचायचे. "पोरी, ड्रॉइंग लय देखणं हाय, पण बोल्टला पाना कुठनं घालायचा?" एकदा मालक मीटिंगला आले आणि उशीर कबूल करणाऱ्या वेल्डरवर सगळ्यांदेखत खेकसले. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "इथं ओरडलात, तर पुढच्या सोमवारपासून सगळं ओकेच ऐकाल." मालक आठवडाभर फुगून बसले, पण पुन्हा तिथं आवाज चढवला नाही.

साहेब गेल्यानंतरचा पहिला सोमवार मीटिंगशिवायच गेला. पुढच्या सोमवारी मालकांनी मीटिंग घ्यायला मला उभं केलं. पाटणकडच्या कारखान्याचं काम तोंडावर आलं होतं, एवढ्यात कुठं घोळ झाला तर त्यांचा हंगाम लांबणार आणि आमचं नाव जाणार. मी विचारलं, "कुणाचं काय अडलंय?"

"ओके हाय." "ओके." "सगळं ओके, मॅडम."

मागं ते अर्धवट जोडलेलं यंत्र पडलेलं मला दिसत होतं. कुणावर डाफरणार? आणि डाफरून कोण बोलणार होतं?

"मग माझं सांगते," मी म्हटलं, "मला साहेबांशिवाय ही मीटिंग घेता येत नाही." आणि भरल्या शेडमध्ये रडले, सरळ रडले.

तानाजीअण्णांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आमालाबी सुचंना झालंय, ताई," ते म्हणाले. "चेन चुकीच्या मापाची आलीया. सांगायचं कुणाला, म्हणून गप हुतो."