उतारावरची स्कूटर

आमच्या कचेरीतला एक कारकून कापूरहोळहून भोरला रोज नव्या कोऱ्या स्कूटरवरून यायचा. उतार लागला की इंजीन बंद करून गाडी तशीच सोडायचा आणि मान वळवून म्हणायचा, "बगा, वाऱ्यागत जाती!"

त्या दिवशी मी मागं बसलो होतो. गाडीचा आवाजच नाही, तर रस्त्यातली मेंढरं बाजूला होणार कशी? एका कोकराचा पाय मोडला. म्हाताऱ्या धनगरानं ते उचलून छातीशी धरलं आणि आधी आम्हालाच विचारलं, "लागलं न्हाई न्हवं, सायेब?"

हा गृहस्थ रुमालानं मडगार्ड पुसत खेकसला, "रंग गेला की रे! मेंढरं आवरत न्हाईत व्हय तुला?"

बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आणि मी काय केलं? कचेरीला उशीर होईल म्हणून मुकाट्यानं पुन्हा त्याच्याच मागं बसलो.