दोनदा वाचलेली कादंबरी

मित्रांनो, आज दुपारपासून मला स्वतःचीच लाज वाटतेय.

जुन्या अमेरिकन कादंबऱ्यांच्या जाड पुठ्ठ्याच्या आवृत्त्या मी जमवतो. त्यांचे फोटो इथं टाकतो आणि तुम्ही कौतुक करता. त्यातल्या शंभर वर्षं जुन्या एका कादंबरीची शिवण सुटली, म्हणून आज ती बीडला रशीदचाचांच्या बाइंडिंगच्या दुकानात नेली.

"काय गोष्ट हाय सर ह्याच्यात?" चाचांनी विचारलं.

मी शिकवतो त्याच वर्गातल्या दोन मुली तिथं प्रोजेक्ट बांधून घेत होत्या. त्यांच्याकडं बघत मी ऐटीत म्हणालो, "लई भारी गोष्ट आहे चाचा. दोनदा वाचलीय मी." मग मोबाइलवर कधीतरी वाचलेला सारांश रंगवून सांगितला. मुली कान देऊन ऐकत होत्या.

चाचा पानं चाळता चाळता थांबले. मुली गेल्यावर हळूच म्हणाले, "सर, पयले पुस्तकाची पानं कडेला जोडलेली यायची. वाचणारा कापत जायचा. ह्याची तर समदी जोडलेलीच हायत. कापू का?"

पोरींसमोर त्यांनी माझी अब्रू राखली, तेच जास्त लागलं.

पानं न कापलेल्या पुस्तकाला संग्राहकांत जास्त मान असतो. तरी म्हणालो, "कापा चाचा."

खरं सांगतो, कपाटातली बाकीची पुस्तकंही मी वाचलेली नाहीत. उद्या पहिल्याच तासाला त्या दोघी समोर असतील. त्यांना हे कसं सांगू?