तात्यांचा निवद आणि माझी कॉन्सर्टिना

मला कॉन्सर्टिना वाजवता येते. हे विधान आमच्या घरात फक्त मी करतो.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरायची, सहा कोनांची, मधे भाता असलेली छोटी पेटी. जेवणाच्या डब्याएवढी. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आयर्लंडला शिकायला गेलेल्या माझ्या मुलीने ती पाठवली. "बाबा, रिकामे बसू नका," एवढंच तिने लिहिलं होतं. (ती स्वतः समुद्रापलीकडे राहते, त्यामुळे भेट निवडताना तिला फार विचार करावा लागला नाही.)

या वाद्याची एक खोड आहे. बटण एकच, पण भाता ओढला की त्यातून एक सूर निघतो आणि दाबला की दुसरा. चार सूर वाजवायचे तर हात चारदा आत-बाहेर करावे लागतात आणि दर वेळी सुराला हिसका बसतो. तिकडच्या लोकांच्या नाचाला हा हिसका फार उपयोगी पडतो. मी मात्र ठरवलं, आपण आपल्या मातीतले सगळे प्रकार वाजवायचे. मास्तरकीची सवय, म्हणून वेळापत्रकही केलं. सोमवारी ओवी, मंगळवारी भारूड, बुधवारी गोंधळ, गुरुवारी पोवाडा, शुक्रवारी लावणी. शनिवारी उजळणी करताना लक्षात आलं, की आठवडाभर लावणीच वाजली आहे! ओवीने बिचारीने जात्यापाशी बसून सुरुवात करावी आणि दुसऱ्या ओळीला हिसका बसला की पदर खोचून उभं राहावं, असं चाललं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा वर आल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, की पेशंट खुर्चीत ताल धरतात आणि त्यामुळे तोंड स्थिर राहत नाही, तेवढं बघा. माझी बायको मालन तेव्हापासून त्यांना आपली मैत्रीण मानते.

तात्या माझे धाकटे चुलते. कोडोलीला राहायचे. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर माझी पुस्तकं, माझ्या चपला आणि माझा कान पिळणं, या तिन्ही गोष्टी तात्यांनीच पाहिल्या. गावच्या भजनी मंडळात ते जन्मभर पेटी वाजवत आले. शेवटचे काही महिने अंथरुणावर होते, तेव्हा मी दर रविवारी कॉन्सर्टिना घेऊन जायचो आणि त्यांच्या उशाशी बसून वाजवायचो. ते डोळे मिटून घ्यायचे. एका रविवारी त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला, भाता मिटवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला. मला भरून आलं.

पुढच्या आठवड्यात तात्या गेले.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. सगळा गाव नदीकाठी जमला. भात, पोळी, तात्यांना आवडायचा तो पेढा, कपात चहा, असा निवद मांडला आणि सगळे मागे सरून बसले. आता कावळा शिवला, की सुटलो. समोरच्या बाभळीवर तीन कावळे बसलेही होते. पण एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. वारणानगरला ड्युटी असलेले लोक घड्याळाकडे बघायला लागले.

मला काळजी काकीची होती. तिला साखरेचा आजार, आणि तीन दिवस ती नुसत्या चहावर होती. कावळा शिवल्याशिवाय घास घेणार नाही, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ऊन चढत होतं आणि सुनेने तिला हाताला धरून बसवलं होतं.

कावळा अडला, की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली आहे असं आमच्याकडे धरतात आणि एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. तात्यांचा मुलगा दिलीप हात जोडून म्हणाला, म्हशी विकणार नाही. कावळे गप्प. मग तो म्हणाला, तंबाखू सोडतो. नातीला हवं तेवढं शिकवू, असं सुनेने सांगितलं. तात्यांशी वीस वर्षं बांधावरून भांडलेले शेजारी पुढे आले आणि वीतभर बांध सोडतो म्हणाले. कावळा तरीही हलला नाही. तेव्हा शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

शेवटी मंडळातले टाळकरी गणूआप्पा उठले.

"पेटीत जीव अडकलाय गड्याचा," ते म्हणाले. "भजन झाल्याबिगार कावळा हालायचा न्हाय."

सगळ्यांना ते पटलं. पण तात्यांच्या पेटीचा भाता त्यांच्या आजारपणात उंदरांनी कुरतडलेला. आता काय करायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी उठलो आणि म्हणालो, माझ्या गाडीच्या डिकीत पेटी आहे. मालनने माझी बाही घट्ट धरली. ती हळवी झाली असावी असं मला वाटलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फुशारकी मारायची नव्हती. ज्या माणसाने मला वाढवलं, त्याचं एक काम माझ्या हातून व्हावं, एवढंच मनात होतं. मी तात्यांचा आवडता अभंग धरला. पहिल्या दोन ओळी इतक्या चांगल्या गेल्या, की मी डोळे मिटले. तिथेच चुकलं. अभंगात एक लांब सूर होता. तो धरता धरता भाता संपला, उलटा दाबावा लागला, सुराला हिसका बसला आणि अभंग दचकला.

मी एकटाच असतो तर सावरलोही असतो. पण पेटी जाईल तिकडे टाळ जाणार, ही मंडळाची शिस्त. (ती तात्यांनीच लावलेली.) टाळकऱ्यांनी माझा हिसका इमानाने उचलला. त्यांच्याबरोबर राहायला मला वेग वाढवावा लागला आणि मी गोंधळात जाऊन पोचलो. निदान भारदस्त तरी वाटेल म्हणून तिथून पोवाड्याकडे वळलो, पण पोवाड्याला उसंत लागते आणि माझ्या भात्यात ती नव्हती. पुढच्या वळणावर काय भेटलं, हे सांगायला नकोच. तात्यांच्या निवदापुढे, नदीकाठी, पाच टाळांच्या साथीने, खडी लावणी! गणूआप्पांची मान हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्हीचा एकमेकांशी मेळ नव्हता. मागे कुणाचा तरी हात टोपीकडे गेला आणि तिथूनच परत आला.

मी डोळे उघडले तेव्हा बाभळ रिकामी होती. तिन्ही कावळे लांब उसाच्या पलीकडे निघाले होते.

"दादा, ऱ्हाऊ दे आता," दिलीप हळूच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी कॉन्सर्टिना मिटली, तिचा पट्टा लावला आणि जमिनीत जायला जागा शोधू लागलो. ज्याने मला ताटात वाढलं, त्याच्या ताटावरचा कावळा मी उडवून लावला होता. आणि काकी उपाशीच राहणार होती.

तेवढ्यात काकी उठली. सुनेचा हात बाजूला करून निवदापाशी गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तात्या समोर बसलेत अशा आवाजात बोलली.

"अवं, ऐकताय न्हवं? आपल्या आनंदानं पेटी मिटलीया. आता त्यो परत वाजवनार न्हाय. मी हाय की बगायला. या, दोन घास खावा."

उसावरून एक कावळा वळला. बाभळीवर थांबलासुद्धा नाही. सरळ निवदावर उतरला, आधी पेढा उचलला, मग पोळी. सगळ्या गावाने एकदम श्वास सोडला. दिलीप रडायला लागला, मीही रडलो. मालननेही डोळे पुसले, पण ती आकाशाकडे बघून दोनदा नमस्कार करत होती.

घरी आल्यावर काकी भाकरीला बसली आणि मला तिने शेजारी बसवून घेतलं. दोन घास खाऊन झाल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वाजवलंस ते लई ब्येस केलंस बाबा," ती मनापासून म्हणाली. "न्हायतर त्यांचं मन कशात अडकलंय, ते आमास्नी कळलंच नसतं."

वाजवून माणसाला मोक्षापर्यंत पोचवणारे मोठे कलावंत होऊन गेले असतील. वाजवणं बंद करून पोचवणारा बहुधा मीच पहिला.