फुलदाणीची जागा

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. कोणी वाचलंच, तर सांभाळून घ्या. पण लिहिल्याशिवाय राग उतरत नाही.

एक डोळा मिटून, ब्रश नाकासमोर उभा धरून तो चित्रवाला मुलगा म्हणायचा, "मावशी, हलू नका. उजेड सापडलाय."

"अहो, चहा निवतोय!"

"निवू द्या. चहा परत होतो."

मी टोकियोत, तोयोसुला साहेबांच्या घरी स्वयंपाकाला होते. तेव्हा आपल्याकडची कॉम्प्युटरवाली मुलं तिथं थव्यानं येत. हा त्यातलाच, साहेबांच्याच कंपनीत. याला चित्रं येतात हे कळलं आणि याची नोकरीच पालटली. जपानी बडे लोक येणार, काढ त्यांचं चित्र. साहेबांच्या बायकोचा, ताईंचा वाढदिवस, काढ चित्र. येताना तांदळाची पिशवीही आण. मोबदला काही नाही. याच्या घराचं डिपॉझिट साहेबांनी भरलं होतं, तेवढं दर रविवारी ऐकवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

"तुम्ही 'नाही' का म्हणत नाही?" कणीक मळता मळता मी एकदा विचारलं.

त्यानं एक जाडं पुस्तक उघडलं. स्पेनच्या कुणा जुन्या राजाच्या चित्रकाराचं होतं. "जन्मभर राजाची चित्रं काढली यानं. वर राजाच्या मुक्कामाच्या खोल्या लावायचं कामही याच्याच गळ्यात. त्या दगदगीतच गेला."

"मग मिळवलं काय?"

"दरबारातली बुटकी माणसं, चाकर, सगळी राजाइतकीच जपून काढली, मावशी."

पुढं साहेबांच्या कुटुंबाचं मोठं चित्र झालं. तीन महिने खपला. कापड काढलं, तर सोफ्यावर साहेब, ताई, दोन्ही मुली, आणि मागं स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन मी. अर्ध्या तोंडावर उजेड.

"मावशी इता!" धाकटी जपानीत ओरडली. मावशी सापडली म्हणून टाळ्या पिटू लागली. मी लाजून आत पळाले.

"पाहुणे विचारतील ना, ही कोण?" ताईंचा आवाज.

"त्यात काय! तिथं एक फुलदाणी काढून टाक रे," साहेब म्हणाले.

"फुलदाणी पोळ्या लाटते का, साहेब?"

तो पहिल्यांदाच उलटून बोलला होता.

"मग डिपॉझिट परत कर. आणि मार्चनंतरचं काँट्रॅक्ट विसर."

मी त्याच्यामागं लिफ्टपर्यंत धावले. "पुसा हो मला! मी काय चित्रात राहायची बाई आहे? माझ्यापायी पोटावर पाय आणू नका."

"मावशी, हलू नका," तो म्हणाला. लिफ्टचं दार लागलं. साहेबांइतकाच मला त्याचाही राग आला. कुणी सांगितलं होतं याला?

तो नागोयाला गाड्यांच्या कंपनीत लागला. चित्र सात महिने कपाटामागं, तोंड भिंतीकडे. मी केर काढताना रोज त्याच्या पाठीवरची धूळ पुसायची. दर महिन्याला त्याच्याकडून डिपॉझिटचे थोडे थोडे पैसे येत. शेवटचे घेऊन तो स्वतः आला.

साहेबांनी दोनदा मोजले. "पुरे आहेत."

"मग चित्र माझं." त्यानं ते चादरीत गुंडाळलं आणि साहेबांचं अख्खं कुटुंब काखेला मारलं.

"अरे, आमचे चेहरे आहेत त्यात!" ताई ओरडल्या.

"काळजी नको, मॅडम. मावशी आहेत सोबत."

पुन्हा तो दिसला नाही. त्या दिवशी मी दारातच उभी होते, हातात ट्रे. चहा घेऊन जा, एवढंही तोंडातून निघालं नाही. तो राग माझ्यावरच आहे. टेबलावर पाकीट पडलं होतं. एक येनही कमी नव्हता.