धाकट्या जावेचा धडा

त्या वर्षी सिंदीच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही गावातली काही मंडळी जमायचो. फुकट मिळणारं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं डेटाबेस सॉफ्टवेअर मराठीतून शिकवायचा अभ्यासक्रम आम्हीच तयार करत होतो. पहिला धडा मी लिहिला होता. गावात कॉम्प्युटरचा क्लास सर्वांत आधी मीच काढला होता, म्हणून तो मान माझाच, असं मी धरून चालले होते.

मग माझी धाकटी जाऊ यायला लागली. नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं स्वतःच्या लग्नातल्या पाहुण्यांच्या यादीवरच धडा लिहून आणला.

"एकाच गावाले कोणी नुसतं तळेगाव लिहिते, कोणी तळेगाव श्यामजी पंत," ती म्हणाली. "म्हणून गावांचा तक्ता वेगळा करायचा, अन् पाहुण्यासमोर गावाचा फक्त नंबर टाकायचा."

सगळे हसले आणि सगळ्यांना समजलंही. माझा धडा मागे गेला. घरी सासूबाई तिचं कौतुक करत बसल्या, तेव्हा माझी एक पोळी धड फुगेना.

पुढे अल्लीपूरच्या बायकांना तिचाच धडा शिकवायला मला जावं लागलं. एकीनं विचारलं, "मॅडम, हे तुमीच लिहिलं काय?"

"नाई, माह्या जावेनं."

"लय हुशार दिसते. पुढच्या वेळी त्याहिलेच घेऊन या ना!"

संध्याकाळी जाऊ दारातच उभी होती. "ताई, समजलं का त्याहिले?"

"समजलं," मी म्हटलं. तिला बोलावलंय, हे मात्र त्या दिवशी मला सांगवलं नाही.