पाच सवाष्णींचं तेल

निजामाच्या राज्यात जळकोटला आमच्या दारात एक मोटार होती आणि तिचं रंगकाम घरीच चालायचं. नवरा पत्रा घासायचा, मी त्याच्या हाताखाली. तो तापानं गेला आणि सासऱ्यांनी मला परंड्याला माहेरी धाडायचं ठरवलं. भावजयीच्या चुलीपुढं जन्म काढायचा? मी पदर खोचून म्हटलं, "मामंजी, येरमाळ्याच्या यात्रेआधी मोटार म्या रंगवून देते. मला हितंच ऱ्हाऊ द्या." ते बरं म्हणाले.

जुना रंग खरवडला, गंज काढला, काचकागदानं घासता घासता बोटांची सालं निघाली. पत्रा लख्ख झाला. आता त्यावर अस्तराचा लाल रंग हातपंपानं फवारायचा, मग वरचा रंग. दिराला बजावलं, "भावजी, उघड्या पत्र्याला तेलाचं बोट लागू देऊ नका. अस्तर धरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाच सवाष्णी बोलावल्या. मोटार नवी व्हायची म्हणून तिला हळद लावायची, नवरदेवाला लावतात तशी तेलात कालवून! मी ओरडले, "आत्याबाई, तेल नका लावू!"

"तू आत जा. शुभाच्या कामात तुजी सावली नको."

पत्रा घासताना मात्र माझी सावली चालत होती! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

हळद नुसत्या फडक्यानं पुसली आणि दिरानं अस्तर फवारलं. दारांवर, बॉनेटवर, जिथं जिथं सवाष्णींचे हात फिरले होते तिथंच पापुद्रे सुटले. बोटांचे फराटेसुद्धा दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची मेली. हिचा हात लागल्यावर धरंल कसं?" दीर पंप उचलून आत गेला. सासऱ्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली.

बोचकं बांधताना दिराला म्हटलं, "सोड्याच्या पाण्यानं धुवा, पुन्हा घासा, मग फवारा." राग कितीही असला तरी नवऱ्याची मोटार गंजू द्यायला मन होईना.

यात्रेत येरमाळ्याला ती दिसली. रंग झकास बसला होता. दीर शेजारीच उभा होता.

"वयनी, तुमी सांगितलं तसंच केलं. सोड्यानं धुतलं."

"घरी काय म्हणतात?"

"म्हणत्यात, तुमी गेलात आन् रंगानं धरलं."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

तो फडकं घेऊन मोटारीचं दार पुसत राहिला.